बाबांची फियाट कोणाच्या नावावर

"राहू द्या ना, आठवण म्हणून राहील." हे वाक्य ज्या घरात बोललं गेलं त्या घरातली गाडी संपली म्हणून समजायचं, असं माझं आता ठाम मत झालंय, कोणाला वाईट वाटलं तर वाटू दे. विकली तर ती निदान दुसऱ्याच्या अंगणातून चालत बाहेर पडते, भंगारात दिली तर तिचे दरवाजे, काचा, हेडलाइटच्या रिंगा कुठल्या तरी दुसऱ्या गाडीला लागतात, पण आठवण म्हणून ठेवलेली गाडी कोणाच्याच कामाची राहत नाही. तिच्यावर प्रेम करणारी मंडळी दर दिवाळीला येतात, बोनेटवर हात फिरवतात, हळहळतात आणि आपापल्या गावी निघून जातात.

आमच्या शेजारच्या गावात अशी एक अॅम्बेसिडर होती. पांढरी, खिडक्यांना पडदे, मागच्या काचेजवळ टॉवेल अंथरलेला. मालक होते तोवर ती गाडी वाड्यातून बाहेर निघाली की लहान पोट्टे मागे पळायचे. मालक गेले आणि मुलामुलींनी रडत रडत ठरवलं की विकायची नाही. चालवायची कोणी, हे मात्र कोणीच ठरवलं नाही. पहिल्या वर्षी ताडपत्री टाकली, मग ताडपत्री फाटली, मग टायर बसले, मग कडुनिंबाची एक फांदी वादळात टपावर पडली ती पण कोणी उचलली नाही, शेवटी शेवटी तर मागच्या सीटवर कोंबड्या अंडी द्यायच्या आणि वाड्यातल्या काकू रोज सकाळी दार उघडून अंडी काढायच्या. आणि अॅम्बेसिडर म्हणजे काही दुर्मिळ गाडी नाही, 1950 च्या दशकाच्या शेवटापासून ते 2014 पर्यंत बंगालमधल्या उत्तरपाड्याला बनत होती, पार्ट हवे तर कुठूनही मिळाले असते. तिच्यासाठी फोन करायला कोणी नव्हतं एवढंच. एक दिवस भंगारवाला आला आणि किलोच्या भावानं घेऊन गेला. ते बघून आलेले बाबा त्या दिवशी जेवताना काही बोलले नाहीत, आणि आमच्या बाबांचं न बोलणं म्हणजे काय ते आमच्या घरच्यांनाच माहीत.

कारण आमच्याकडे फियाट आहे.

कागदावर ती प्रिमिअर पद्मिनी आहे, 1975 ची. पण आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा-दिग्रस पट्ट्यात तिला पद्मिनी म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय, सगळे फियाटच म्हणतात आणि ते तसं चूकही नाही. वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये प्रिमिअर ऑटोमोबाइल्स काढली, कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाटच्या लायसन्सवर गाड्या बनायच्या, 1964 पासून फियाट 1100 डिलाइट यायला लागली आणि तीच पुढे थोडी नावं बदलत 1974 मध्ये पद्मिनी झाली. इंजिन 1089 सीसीचं. आजकालच्या लहान गाड्यांचं पण तेवढंच असतं म्हणा, पण हिच्यात स्टिअरिंगला गिअर आहे, समोर एकसंध लांब सीट आहे, म्हणजे ड्रायव्हर धरून तिघं आरामात आणि लेकरू असलं तर चौघं.

बाबांनी ती नवीन घेतली नव्हती, तेवढी ऐपत नव्हती. त्यांचं गावात कृषी केंद्र होतं, बियाणं, खतं, फवारणीची औषधं. यवतमाळला एका सरकारी साहेबांची बदली झाली, त्यांना गाडी न्यायची नव्हती, बाबांनी ती घेतली. पुढची कितीतरी वर्षं त्या गाडीनं सरकीच्या थैल्या वाहिल्या. बीटी कापूस आपल्याकडे आला 2002 मध्ये, त्याच्या आधीचं ते संकरित बियाणं, मृग लागायच्या आत पोचलं पाहिजे म्हणून बाबा मागची सीट काढून थैल्या भरायचे आणि गावोगाव हिंडायचे. आणि लग्नसराईत हीच गाडी नवरदेवाची. झेंडूच्या माळा, बोनेटवर कागदी फुलं, चिकटवलेला तो टेप निघता निघायचा नाही. भाडं कधी घेतलं नाही, नियम एकच, गाडी आमची, पेट्रोल तुमचं. आजही कोणी पन्नाशीतला माणूस दुकानासमोर थांबून म्हणतो, "काकाजी, माही वरात याच गाडीत निंगाली होती," आणि बाबा त्याला चहा पाजतात. आता असा चहा पिणारे किती झाले असतील याचा हिशोब आईकडे आहे, बाबांकडे नाही.

तर हा प्रश्न निघाला तो कोणाच्या मरणावरून नाही, मोतीबिंदूवरून. बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टर म्हणाले काही दिवस गाडी नको, रात्रीची तर नकोच. मग पावसाळा लागला. गाडी शेडमध्ये उभी. आणि त्याच शेडमध्ये, भाव वाढेल म्हणून राखून ठेवलेला कापूस. ज्यांनी घरात कापूस ठेवलाय त्यांना सांगायला नको, कापूस म्हणजे उंदरांना आयतं बाळंतपणाचं घर. पण ह्या उंदरांना शेडमधली गंजी पसंत पडली नाही, त्यांनी तोंडात थोडा थोडा कापूस धरून फियाटच्या ड्रायव्हर सीटखाली नेला आणि तिथं संसार मांडला. जाता येता वायरिंग कुरतडली. पोळ्याच्या आदल्या दिवशी बाबांनी चावी फिरवली तर हूं नाही की चूं नाही.

यवतमाळहून मिस्त्री चाचा आले. बाबांच्याच वयाचे, आता हात थरथरतात म्हणून पाना त्यांचा मुलगा धरतो आणि ते नुसतं बोट दाखवतात. सीट उचलली, कापसाचा तो गोळा बाहेर काढला, पिल्लं पळाली, आई किंचाळली, सगळं झाल्यावर चाचा बाजेवर बसले आणि म्हणाले, "भाऊ, गाडी खडी हुई के समझो गई. अब तुम बताओ, तुम्हारे बाद कौन चलाएगा?"

आमच्यापैकी कोणाची हे विचारायची हिंमत नव्हती. चाचांची होती.

उभी गाडी कशी मरते ते मला त्या दिवशी नीट कळलं. टाकीतलं पेट्रोल शिळं होतं, त्याचा चिकट थर बसतो आणि पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरच्या त्या बारीक बारीक भोकांमध्ये जाऊन अडकतो. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं, मग चाकातले ब्रेकचे सिलिंडर आतून गंजून जाम होतात. टायर एकाच जागेवर दबून दबून तिथं चपटे होतात, नंतर हवा भरली तरी गाडी टकटक करत चालते. बॅटरी तर पहिल्या महिन्यातच हात वर करते. आणि आता त्यात नवीन भर म्हणजे इथेनॉल. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आता सगळीकडे झालंय, इथेनॉल पाणी धरतं, म्हणजे उभ्या गाडीची लोखंडी टाकी आतून गंजायला अजून एक कारण, आणि जुन्या गाडीतल्या रबराच्या नळ्या, इंजिनला पेट्रोल चढवणाऱ्या पंपाचा पडदा, हे सगळं त्या काळच्या पेट्रोलसाठी बनवलेलं, ते फुगतं, चिरतं. बाबांनी 2000 साली शिशाचं पेट्रोल बंद झालं तेव्हा पण असाच हंगामा केला होता, आता संपलीच म्हणे गाडी, नाही संपली. पण तेव्हा ती रोज चालत होती हा मोठा फरक आहे. चालत्या गाडीतलं बिघडलेलं ऐकू येतं, उभ्या गाडीतलं कोणाला ऐकू येणार?

चाचा गेले आणि घरात तो प्रश्न राहिला. दादा पुण्याहून आला होता, मी नागपूरहून. रात्री जेवणं झाल्यावर दादानंच विषय काढला, त्याला सगळं पद्धतशीर करायची सवय आहे, तो म्हणाला बाबा, आपण एकदा गाडीचं ठरवून टाकू.

"मी मेलो काय बे?" बाबा. "आताच हिस्से कराले बसले."

"हिस्से नाही हो, पण नंतर..."

"आपण कधी बैल इकला काय? सांग. इकला काय? मंग हिले काऊन इकू?"

हे खरं आहे. आमच्याकडे म्हातारा बैल बाजारात नेत नाहीत, दावणीलाच राहतो, पोळ्याला तोरणाखाली नाही नेला तरी घरच्या घरी ओवाळतात, पुरणपोळी देतात. बाबांच्या दृष्टीनं फियाटचं पण तेच. मी त्यावर लय विचार केला, कारण आमच्या भागात ह्या मुद्द्यापुढे बोलायला जागाच उरत नाही. पण बैलाला गोठ्यात बसून राहणं चालतं, तो कडबा खातो, रवंथ करतो, माश्या वारतो, त्याचं जगणं चालूच असतं. गाडीला बसून राहणं हेच मरण आहे. बैलाला दावणीला ठेवणं ही माया आणि गाडीला शेडमध्ये ठेवणं ही आपल्याच मनाची समजूत, असं मी बाबांना म्हटलं. ते म्हणाले, "लय शिकली तू." म्हणजे मुद्दा पोचला.

दादानं तोवर फोनवर सगळे नियम काढून ठेवले होते. मालक गेला तर तीस दिवसांच्या आत आरटीओला कळवायचं, तीन महिने गाडी वापरता येते आणि तेवढ्यात फॉर्म 31 भरून नावावर करून घ्यायची, सोबत मृत्यूचा दाखला, आरसी म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, विमा. हे कोणी करत नाही हं, मी बँकेत आहे, मला माहितीये लोक काय करतात, वडिलांच्या नावावरची गाडी दहा दहा वर्षं तशीच चालवतात आणि अॅक्सिडेंट झाला की मग क्लेमसाठी धावतात. 2021 पासून आरसीवर नॉमिनी पण टाकता येतो, त्यानं नंतरची धावपळ कमी होते. आणि मृत्युपत्र नसलं तर हिंदू उत्तराधिकार कायद्यानं बायको, मुलगा, मुलगी सगळ्यांना सारखा वाटा. म्हणजे आमच्या घरी एका फियाटचे तीन हिस्से. दादा गमतीनं म्हणाला मी इंजिन घेतो. वहिनी म्हणाल्या तुम्ही स्टेपनी घ्या, तीच झेपेल तुम्हाला.

दादाकडे पुण्याला फ्लॅट आहे, पार्किंग एक, त्यात त्याची गाडी. तो प्रामाणिकपणे म्हणाला मला जमणार नाही, आणि मला त्याचं हे बोलणं आवडलं, कारण अशा वेळी मुलगा म्हणून "मीच ठेवतो" असं छातीठोक बोलणं सोपं असतं. त्याच्या मुलाला मात्र पाहिजे होती. कशी पाहिजे होती ते पण त्यानं सांगितलं, काळा मॅट रंग, रुंद अॅलॉय, एलईडी, आतमध्ये वूफर. बाबांनी नातवाकडे असं बघितलं की पोट्टा उठून पाणी प्यायला गेला.

मग व्हिंटेज. गाडीला पन्नास वर्षं झाली, तर 2021 च्या नियमानं तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी होऊ शकते, मूळ रूपात असली पाहिजे, मोठी काटछाट केलेली नसावी. आपली तशीच आहे, उंदरांनी केलेली सोडली तर. नव्यानं नोंदणी करायची तर फी 20,000 रुपये, दहा वर्षांसाठी, आणि आधीपासून नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. दादा एकदम खुश. मी पुढचं वाचलं. अशी नोंदलेली गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, असल्याच कामाला.

"म्हंजे बाजारात न्यायची नाही?"

"नाही बाबा."

"लग्नात?"

"ते पण नाही."

"मंग ते कागद तुमच्याजवळच ठेवा."

नागपूर-मुंबईच्या गाड्यावाल्यांसाठी ते ठीक असेल. ज्यांच्याकडे अशा आठ-दहा गाड्या आहेत, रविवारी रॅली असते, त्यांना रॅलीपुरती गाडी पुरते. दारव्ह्याच्या बाजारात जाऊन भरताची हिरवी वांगी आणणाऱ्या गाडीला तो नियम म्हणजे नजरकैद. आणि म्युझियमचं म्हणाल तर हरियाणात तावडूला हेरिटेज ट्रान्सपोर्ट म्युझियम आहे, अहमदाबादजवळ कठवाड्याला ऑटो वर्ल्ड आहे, कोइम्बतूरला गेडी आहे, चांगल्या जागा आहेत, पण त्यांनी यवतमाळच्या एका कृषी केंद्राची फियाट कशाला घ्यावी, तिच्यावर कोणता राजा बसला नव्हता.

घेणारे लोक पण येऊन गेले. ही बातमी कशी पसरते कळत नाही, मालकाच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं की जुन्या गाडीवाल्यांना वास लागतो. एक जण समृद्धी महामार्गाजवळ रिसॉर्ट काढतोय म्हणाला, गेटवर चबुतरा बांधून त्याच्यावर गाडी ठेवायची, खालून दिवे, लोक सेल्फी काढतील. पैसे चांगले देत होता, खरंच चांगले. बाबांनी त्याला चहा पाजला, गाडी दाखवली, आणि तो गेल्यावर म्हणाले, "तिचा गमला करतीन हे." मला पण ते पटलं. इंजिन काढून टाकलेली, रंग मारलेली, चाकांत सिमेंट भरलेली गाडी म्हणजे गाडी नाहीच. त्यापेक्षा भंगार बरं, त्यात निदान खोटेपणा नाही.

ह्या सगळ्यात शकुंतला माझ्या डोक्यातून जात नव्हती. आमच्याकडच्या लोकांना सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगते, यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर अशी आमची नॅरोगेज रेल्वे, दारव्ह्यावरून जायची. बाबा कॉलेजला तिच्यातूनच जायचे. मँचेस्टरला 1921 मध्ये बनलेलं वाफेचं इंजिन तिनं 1994 पर्यंत वापरलं, मग डिझेल आलं. आणि तिची मालकी म्हणजे एक गंमतच, स्वातंत्र्यानंतर बाकी रेल्वे सरकारी झाल्या, हिची मालकी किलिक निक्सनच्या कंपनीकडेच राहिली आणि चालवायची मात्र भारतीय रेल्वेनं. प्रेम तर एवढं की पंचक्रोशीत तिच्यावर लेख न लिहिलेला माणूस सापडणार नाही, मी पण आत्ता लिहीतच आहे. आणि गाडी बंद. रूळ गवतात. मालक एक, चालवणारा दुसरा, जीव लावणारे हजार, आणि शेवटचा निर्णय कोणी घ्यायचा हेच कोणाला माहीत नाही, अशी गाडी टिकत नसते. शेजारच्या वाड्यातल्या अॅम्बेसिडरचं पण हेच झालं होतं, फक्त लहान प्रमाणात.

आई तोपर्यंत काही बोलली नव्हती. ती भांडी आवरून आली, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "झालं का तुमचं? आता मले इचारा."

आम्ही सगळे गप्प, कारण खरंच कोणी विचारलं नव्हतं.

"माह्या पाटल्या हाय त्या इंजनात. इसरले काय?"

मला हे माहीतच नव्हतं. दुष्काळाचं साल होतं, उधारीचे पैसे शेतकऱ्यांकडून वसूल होत नव्हते, त्यात गाडीचं इंजिन बसलं, बोअरिंग करून नवीन पिस्टन टाकायचे होते, आणि गाडीशिवाय दुकान चालत नव्हतं. तेव्हा आईच्या पाटल्या यवतमाळच्या सराफाकडे गेल्या त्या परत आल्याच नाहीत. बाबांनी मान खाली घातली. आणि मला वाटतं सबंध चर्चेतला सगळ्यात महत्त्वाचा कागद तोच होता, जो कुठल्याच फाइलीत नाही. आपण म्हणतो बाबांची गाडी, आजोबांची बुलेट, मामांची जीप, आणि त्या गाडीच्या हप्त्यासाठी कोणी साडी घेतली नाही, कोणाचं सोनं मोडलं, पहाटे चारला गाडी निघायची म्हणून डबा कोणी केला, ते नाव आरसीवर येत नाही. जुन्या गाड्यांवरचे लेख मी बरेच वाचते, त्यात मालक आणि मिस्त्री असतात, घरची बाई फोटोत बोनेटला टेकून उभी असते.

"मंग तूच सांग, काय करू?" बाबांनी विचारलं.

"जो चालवंल त्याले द्या. पोरगा की पोरगी ते नका पाहू."

आता चालवेल कोण ह्यावर सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी नागपूरला स्वतःची गाडी चालवते, पण फियाट चालवणं ही वेगळी विद्या आहे आणि बाबांनी ती कोणाला दिलेली नाही, पंचेचाळीस डिग्रीत ती गाडी चालू ठेवणारा माणूस आपली गुपितं फुकट देत नाही. मे महिन्यात दुपारी गाडी बंद पडली तर घाबरायचं नाही, उन्हानं आणि इंजिनच्या तापानं गाडीतल्या त्या पंपातच पेट्रोलची वाफ होते, मग ते पुढे चढत नाही. बोनेट उघडायचं, शेला पाण्यात भिजवून पंपावर गुंडाळायचा, झाडाखाली बसून एक विडा खायचा, विडा संपला की गाडी चालू होते. हिवाळ्यात चोक किती ओढायचा ते बोटांनी कळतं. पहिला गिअर टाकताना हात आपल्याकडे ओढून मग वर, पण आपल्या गाडीत तो मधे अडकतो, त्याला थोडं खाली दाबून घ्यावं लागतं, आणि हे फक्त आपल्या गाडीत, दुसऱ्या फियाटमध्ये असं केलं तर खडखडाट. हे कुठल्या पुस्तकात सापडणार? गाडीचा वारसा म्हणजे खरं तर एवढंच असतं आणि तो मालकासोबत जातो, पत्रा मागे राहतो.

पार्टचं पण तसंच. मुंबईत हजारोंनी काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्स्या होत्या तोवर कुर्ल्याच्या बाजारात हिचं काहीही मिळायचं, सांगाल तो पार्ट पार्सलनं यवतमाळला. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आली, टॅक्स्या कमी होत गेल्या आणि 30 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईत अधिकृतपणे एकही पद्मिनी टॅक्सी उरली नाही. लोकांनी फेसबुकवर रडून घेतलं. बाबांनी मिस्त्री चाचांना फोन लावला आणि म्हणाले, क्लच प्लेट, वॉटर पंप, एक्सलचे रबर, जे दिसेल ते घेऊन ठेवा. ह्याला म्हणतात प्रेम. आता ती पेटी आमच्या देवघराच्या मागच्या खोलीत आहे, ग्रीसचा वास येतो म्हणून आई उदबत्ती दोन लावते.

तर शेवटी ठरलं ते असं. नॉमिनी म्हणून आईचं नाव, त्यावर कोणी वाद घालायची हिंमत केली नाही. मृत्युपत्रात गाडी माझ्या नावानं. बाबांना त्यात एक अट पाहिजे होती, सलग एक वर्ष गाडी चालली नाही तर ती माझ्याकडून काढून मिस्त्री चाचांच्या मुलाला द्यायची, कारण त्याला तिचा नट न् नट माहीत आहे. वकील हसले. म्हणाले चालली म्हणजे किती किलोमीटर, मोजणार कोण, असल्या अटींनीच भांडणं कोर्टात जातात, मृत्युपत्र साधं ठेवा, साध्या कागदावर चालतं, रजिस्ट्री केलीच पाहिजे असं पण नाही, दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र पाहिजेतच. म्हणून मृत्युपत्र साधं. अट वेगळ्या कागदावर, घरच्यांच्या सह्यांची, कायद्यात तिला किंमत शून्य, घरात मात्र पूर्ण. मला ती अट आवडली. दर वर्षी कोणीतरी मला विचारणार आहे की चालवली का, आणि उत्तर नाही असेल तर गाडी जाईल, ह्या धाकानंच मी शनिवारी गावी येईन. आत्ता पण येतेच आहे. अजून बाजाराच्या चौकापुढे मला जाऊ दिलेलं नाही, आणि शेजारी बसून बाबा पायानं काल्पनिक ब्रेक दाबत असतात.

पासिंग पण जवळ आलंय. दर पाच वर्षांनी ही गाडी आरटीओला दाखवावी लागते, एप्रिल 2022 मध्ये ह्याची फी 600 वरून एकदम 5,000 झाली होती आणि नंतर वीस वर्षांवरच्या गाड्यांना अजून वाढली, शिवाय ग्रीन टॅक्स. बाबांनी फाइल माझ्या हातात दिली. त्यात यवतमाळच्या त्या साहेबांची सही असलेला विक्रीचा जुना कागद, पिवळा पडलेला, आणि त्यामागे जुन्या विम्याच्या पावत्यांचा गठ्ठा. "हे आता तुह्यं काम. रांगेत तू उभी राहाजो, मी गाडीत बसतो."

अटीच्या कागदावर सह्या करायला मिस्त्री चाचांच्या मुलाला बोलावलं होतं, तो बिचारा हात पुसत बसला होता, त्याला वाटलं नुसता साक्षीदार आहे. त्याला सगळं वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, तुझ्याकडे गेली तर पैसे घ्यायचे नाहीत. आई लगेच म्हणाली, "माह्या पाटल्यांचे तरी घ्या." सोन्याचा भाव सध्या काय चाललाय हे सगळ्यांना माहीत होतं, तो पोरगा उठूनच उभा राहिला. मग आईच म्हणाली, बरं पैसे नको, पण मला महिन्यातून एकदा बाजाराला न्यायचं, समोरच्या सीटवर बसवून, हे लिहून घ्या. दादानं लिहायला घेतलं. यवतमाळ ते आमचं गाव, तिथून दारव्हा, आणि परत यवतमाळ, चाचांच्या पोरानं बोटावर मोजलं आणि म्हणाला, "काकू, लेके जाऊंगा ना, पण पेट्रोल कोणाचं ते आधी लिहा."